गिरणवाल्या सदानंदाचे हात

सदानंद पालवाचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. लुंगीला खिसा नसतो, म्हणून हा माणूस भर मे महिन्यात पिठाच्या गिरणीतही पँट घालून बसे. पोईप गावच्या देऊळवाडीत त्याची गिरण. दळण घेऊन येणाऱ्या बायका म्हणत, "सदूदादाक गुर्मी लय. पिशवी घेवक एक हात, देवक तोच हात. दुसरो काय पूजेक ठेवल्यान?" सदानंद हसून सोडून द्यायचा. गुर्मी नव्हती, लाज होती. पण लोकांनी लाजरा म्हणण्यापेक्षा गुर्मीत म्हटलेलं बरं, असं त्याने फार लहानपणी ठरवून टाकलं होतं.

त्याचं असं होतं की उजवा हात करील तेच डावा हात करू पाहायचा. उजव्याने सही केली की डाव्याची बोटं हवेत तीच वळणं घ्यायची. उजव्याने शर्टाचं बटण चिमटीत धरलं की डाव्याचीही चिमूट मिटायची, आणि काज धरायला कोणी उरायचं नाही. उलटही तेच. दंडाखांद्याचं तसं नव्हतं. कुऱ्हाड चालवणं, पोहणं, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणं, यात तो कोणाला हार जात नसे. खोड होती ती बोटांत, आणि जन्मापासूनची.

बाकी देवाने त्याला भरभरून दिलं होतं. गळा असा की गिरण चालू असताना तिच्या घरघरीत सूर मिसळून तो गुणगुणायचा आणि दळणाला आलेली माणसं पीठ झाल्यावरही जागची हलत नसत. गिरण पेटीच्या काळी दोन पट्टीत वाजते, हे त्यानेच सगळ्यांना सांगितलेलं. पट्टा सैल झाला की तो आधी सुरावरून ओळखायचा.

या गळ्याचा माणूस भजनी बुवा झाला नाही, आणि त्याचा धाकटा भाऊ परशुराम झाला. सदानंदाच्या आयुष्यातलं दुखणं म्हणाल तर एवढंच. पण ते चाळीस वर्षं ठणकत होतं.

सदानंद बारा वर्षांचा असताना गावात लवूबुवा नावाचे म्हातारे भजन शिकवायचे. देवळाच्या मंडपात संध्याकाळी पाच-सात मुलं जमायची. सदानंदाचा गळा ऐकून लवूबुवांनी पहिल्याच दिवशी त्याला पेटीसमोर बसवलं. "ह्यो माजो वारस," म्हणाले. आठवड्याभरात त्यांचा चेहरा बदलला. पेटीला एका हाताने भाता मारायचा, दुसऱ्याने पट्ट्या दाबायच्या. सदानंदाची उजवी बोटं पट्ट्यांवर धावू लागली की डावी बोटं भात्यावर थरथरायची, वारा तुटक जायचा आणि सूर उचकी लागल्यासारखा यायचा.

"डावो हात गप ठेव!" लवूबुवा ओरडायचे.

"ठेवतंय, बुवा. ऱ्हवत नाय."

मग छडी बसायची. छडीचा उपयोग होईना तेव्हा बुवांनी दुसरी युक्ती काढली. सदानंदाने मांडीखाली डावा हात दाबून बसायचं आणि उजव्याने वाजवायचं. भाता दुसऱ्याने मारायचा. या कामाला त्यांनी सात वर्षांच्या परशुरामाला बसवलं. दादाबरोबर बसायला मिळतं म्हणून परशुराम खुशीत आला. चार महिने त्याने भाता मारला, आणि चार महिने दादाच्या उजव्या हाताकडे टक लावून पाहिलं. एके दिवशी सदानंद तापाने घरी होता. दुसऱ्या दिवशी तो मंडपात गेला तर परशुराम एकटा पेटीवर बसलेला. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, आणि सदानंदाने बसवलेला अख्खा गजर तो न अडखळता वाजवत होता. लवूबुवांनी सदानंदाकडे पाहिलं देखील नाही. नुसते म्हणाले, "तू आता झांज घे रे."

झांजेला दोन्ही हातांनी एकच काम करायचं असतं. सदानंद झांज इतकी नेमकी वाजवू लागला की पुढे साऱ्या मालवण तालुक्यात त्याच्यासारखा झांजवाला नाही असं लोक म्हणत. ते ऐकून त्याला बरं वाटायचं नाही. झांजवाल्याचं नाव कोणी पत्रिकेवर छापत नाही.

परशुराम बुवा झाला. अंगावर सिल्कचा झब्बा, समोर माईक, आणि कणकवलीपासून विजयदुर्गापर्यंत बोलावणी. त्याचा आवाज बरा होता, बरा म्हणजे बराच. पण चाली सदानंदाच्या असायच्या. सदानंद गिरणीत बसून चाल घोळवायचा, परशुरामाला गाऊन दाखवायचा, परशुराम ती पेटीवर उतरवायचा. पुढे रंगमंचावर "वा बुवा!" आलं की सदानंद झांज जरा जोरात मारायचा, ते शब्द कानावर पडू नयेत म्हणून.

त्याची बायको राधाबाई हे सगळं ओळखून होती. एकदा कार्यक्रमावरून आल्यावर ती म्हणाली, "अवो, भाऊच मां तो? तेचा बरा झाला तर तुमच्या पोटात कित्या दुखता?"

"माज्या खंय पोटात दुखता?"

"मग जेवक कित्या नाय तुमी?"

बारा वर्षांपूर्वी देवगडजवळच्या एका देवळात दुपारची डबलबारी होती. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना. एक बुवा गातो, समोरचा उत्तर देतो, आणि माणसं दोघांना तोलत बसतात. त्या दिवशीच्या गवळणीची चाल सदानंदाने दोन महिने खपून बांधली होती. परशुराम माईकसमोर सरसावला आणि शहरी मराठीत म्हणाला, "रसिकहो, ही चाल गुरूंच्या आशीर्वादाने मला परवा पहाटे सुचली."

सदानंदाच्या कानशिलात रक्त उसळलं. गवळण द्रुत लयीला आली तेव्हा त्याने झांजेची लय केसभर पुढे ओढली. पुन्हा केसभर. पखवाजवाला झांजेवर विसंबलेला, तो तिच्यामागे धावला. परशुरामाला श्वास पुरेना, शब्द एकमेकांवर आदळले आणि समेवर यायच्या जागी तो नुसता तोंड उघडून राहिला. समोरच्या बुवाने पुढच्या बारीत त्याच्या उघड्या तोंडाची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरून हसले. परतताना गाडीत परशुराम एवढंच म्हणाला, "आज माजो घसो बसलो." सदानंद खिडकीबाहेर आंब्याच्या बागा बघत होता. त्याला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, पण पश्चात्तापही झाला नाही.

परशुरामाला उशिरा मुलगी झाली, तेजस्वी. पाचवीत गेल्यावर तिच्या नव्या बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली, की लिहिताना तेजस्वीचा डावा हात सारखा वळवळतो, बाकावर पेन्सिल नसताना लिहिल्यासारखा करतो, अर्ध्या पानावर हात दुखतो म्हणते, कोणाला तरी दाखवा. परशुरामाची बायको समीक्षा चिठ्ठी आणि लेकीला घेऊन सदानंदाच्या दारात आली. तिने सहा वर्षं हे लपवलं होतं. घास भरवताना पाहिलं होतं, वेणीची रिबीन बांधताना पाहिलं होतं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"भावोजी," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तिचे हात तुमच्यासारके आसत."

सदानंदाने चिठ्ठी वाचली. आणि त्या क्षणी त्याच्या मनात जे आलं ते त्याने पुढे राधाबाईलाही कधी सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं. परशुरामाच्या घरात, त्याच्या पेटीच्या शेजारी, आपले हात जाऊन बसले. आता बघ, परशा, म्हणावं, कसं वाटतं ते. दोन-चार श्वास तो तसाच उभा होता. मग आतून तेजस्वीचा आवाज आला, ती राधाबाईकडे खोबऱ्याचा तुकडा मागत होती, आणि सदानंदाला आपलीच किळस आली. तो मागच्या पडवीत गेला आणि तांब्याभर पाणी तोंडावर मारून परत आला.

"गोव्याक नेवया तिका," तो म्हणाला. "मी येतंय वांगडा."

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात मेंदूच्या विभागात तेजस्वी, तिचे आईबाबा आणि सदानंद अशा चौघांना एक तरुण डॉक्टर भेटली. गौरजा नाव, सावंतवाडीची. तिने तेजस्वीला बोटं एकेक करून अंगठ्याला लावायला सांगितली आणि दुसऱ्या हाताकडे पाहत राहिली. मग विचारलं, "घरात आणखी कोणाचं असं आहे का?"

परशुराम जमिनीकडे बघत होता. सदानंदाने खिशातून हात काढला. झांज वाजवणं सोडलं तर चाळीस वर्षांत परक्या माणसासमोर पहिल्यांदा. डॉक्टरने त्याचीही बोटं तपासली आणि तिच्या चेहऱ्यावर कुतूहल उमटलं, कीव नाही. त्यामुळेच बहुधा त्याला विचारायचं धैर्य झालं.

"ह्या कशान होता, डॉक्टर? लवूबुवा म्हणायचे, माजा मन लागत नाय."

"मनाचा काही संबंध नाही काका. तुम्ही जन्मण्याआधीच ठरून गेलेलं आहे हे."

तिने एका कागदाच्या मागे बाळाचं डोकं काढलं, खाली पाठीचा कणा, आणि मधोमध एक उभी रेघ. "मेंदूची उजवी बाजू डावा हात हलवते आणि डावी बाजू उजवा. म्हणजे मेंदूतून निघालेल्या मज्जातंतूंना कुठेतरी ही मधली रेघ ओलांडावी लागते. ती जागा इथे, कवटीच्या तळाशी. बाळ आईच्या पोटात चार महिन्यांचं होईपर्यंत हे ओलांडणं जवळपास उरकतं."

"तेंका वाट कोण दाखयता?" सदानंदाने विचारलं.

"कोणीच नाही. चाचपडत जातात. वाढणाऱ्या प्रत्येक तंतूच्या टोकाला इवलासा पंजा असतो, बोटं फुटलेला. तो सारखा पसरतो, आखडतो, पुढे काय आहे ते चाखून बघतो. मधल्या रेघेजवळच्या पेशी एक द्रव्य सोडतात. ते जाणवलं की तंतू तिकडे ओढला जातो. आणि गंमत बघा, एकदा रेघ ओलांडली की त्याला तिथलंच दुसरं एक द्रव्य जाणवायला लागतं, ते त्याला लांब ढकलतं. म्हणून तो मागे फिरत नाही."

तेजस्वी टेबलावर कोपरं टेकून ऐकत होती. "मगे आमचे कित्या गेले नाय?"

"गेले गं, पण सगळे नाही गेले. ते द्रव्य ओळखायला पंज्यावर जी यंत्रणा लागते, ती तुमच्यात बहुतेक निम्मीच आहे. म्हणून काही तंतू पलीकडे गेले आणि काही ह्याच बाजूने खाली उतरले. आता मेंदूने एका हाताला निरोप पाठवला की तो दोन्ही हातांना पोचतो. बुद्धीला काही होत नाही, खोड वाढतही नाही. पण खात्री करायला रक्त तपासावं लागेल. तुझं, काकांचं, आईचं आणि बाबांचं."

"माजा कित्या?" परशुराम पहिल्यांदाच बोलला. "माजे हात बरे आसत."

"तरीही द्या."

परत येताना बांद्याच्या पुढे परशुराम गाडी चालवता चालवता म्हणाला, "दादा, आये रांगोळी काढताना डावी मूठ गुडघ्याखाली दाबून धरायची. आठवता तुका?"

सदानंदाला आठवलं. तो म्हणाला, "होय." आईने त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. तिच्या हातांकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

अहवाल यायला दोन महिने लागणार होते. त्या दोन महिन्यांत तेजस्वी शाळा सुटली की गिरणीत येऊन बसू लागली. सदानंदाने तिला आपलं सगळं पोतडं उघडून दिलं. कागद डाव्या हाताने धरू नको, त्यावर किलोचं वजन ठेव. डाव्या मुठीत दोऱ्याचं रिकामं रीळ घट्ट धर, बोटं वळवळायची कमी होतात. शर्टाची बटणं लावलेलीच ठेव, डोक्यातून घाल. कोणी हसलं तर तू आधी हस. चौपन्न वर्षांत एकट्याने शोधलेल्या या क्लृप्त्या कोणाला शिकवता येतील असं त्याला वाटलं नव्हतं. ती नवीन काही शोधून आली की तो गिरण बंद करून ऐकायचा.

आणि त्याला तिच्या सोबतीची चटक लागली. परशुराम तिला न्यायला आला की तो म्हणायचा, "रव रे, अर्धा पान रवला हा तिचा." पान संपलेलं असायचं. परशुराम उंबऱ्यावर ताटकळायचा. आत दोघांचं काहीतरी गुपित चाललेलं, दोघांची डावी बोटं एकाच वेळी हलायची, आणि दोघं हसायची. सदानंद भावाकडे बघत नसे, पण तो उंबऱ्यावर उभा आहे हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असे. ठाऊक असण्यात एक चव होती.

अहवाल आला तेव्हा गौरजा डॉक्टरने चौघांना बसवून सांगितलं. समीक्षाच्या रक्तात काही नव्हतं. तेजस्वीच्या रक्तात ती खोड होती. सदानंदाच्या होती. आणि अगदी तीच, अक्षरालाही न चुकता, परशुरामाच्या होती.

"पण तेचे हात..." सदानंद म्हणाला.

"हो. खोड असली तरी सगळ्यांत दिसतेच असं नाही. निम्म्याहून अधिक लोकांत दिसत नाही. त्यांचे तंतू बरोबर पलीकडे पोचतात."

"तेचेच कित्या पोचले? माजे कित्या नाय?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? अजून कळलेलं नाही. कदाचित दुसरी काही जोड मिळाली असेल. कदाचित नुसता योगायोग."

सदानंदाला यापेक्षा काहीही चाललं असतं. आजवर त्याची समजूत होती की भाऊ वेगळ्या मातीचा आहे. देवाने एकाला दिलं, एकाला दिलं नाही. रुसायला निदान देव तरी होता. आता कळलं की माती एक, खोट एक, आणि आईच्या पोटातल्या त्याच काळोखात पाच वर्षांनी मागून आलेल्या परशाच्या तंतूंना ती रेघ सापडली. गजर शिकायच्या कितीतरी आधी, हात फुटायच्या वयात, तो जिंकून मोकळा झाला होता. घरी येईपर्यंत सदानंदाच्या दाढा दुखायला लागल्या, इतका वेळ त्या आवळलेल्या होत्या.

तीन आठवडे तो तालमीला गेला नाही. चौथ्या आठवड्यात एका दुपारी परशुराम गिरणीत आला आणि गव्हाच्या पोत्यावर बसला. झब्बा नाही, साधा बनियन. दाढी वाढलेली.

"तालीम बंद आसा," तो म्हणाला.

"कित्या?"

"पेटीर बसाक भीती वाटता. बोटांकडे बघत रवतंय. वाटता, आता विसरतली. आता एकमेकाचा ऐकतली." त्याने दोन्ही हात समोर धरले. "आणि तेजू माका काय्येक विचारीत नाय. सगळा तुका विचारता. काल मी तिका म्हटलंय, माज्या रगतात पण तीच खोड आसा. तर म्हणता, 'पण बाबा, तुमका कळूचा नाय.' माज्या चेडवाक माज्यापेक्षा तू जवळचो झालंस, दादा. माका तुजो हेवो वाटता."

सदानंदाने हा शब्द आयुष्यभर स्वतःसाठी राखून ठेवला होता. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकला आणि सदानंदाच्या तोंडून भलतंच निघालं.

"देवगडच्या डबलबारीत झांज मी ओढलंय. मुद्दाम."

"म्हायत आसा."

"कधीपासून?"

"तेवाच. झांज तुजी कधी चुकत नाय, ती पाच वेळा चुकली." परशुराम पोत्याची शिवण नखाने उकरत होता. "चाल तुजी होती आणि मी माजी म्हणून सांगितलंय. मगे काय बोलतलंय? बोललंय असतंय तर तू मंडळ सोडलं असतंस. तुज्या झांजेवाचून माका लयच गावत नाय. लोकांका वाटता, मी लय धरतंय. मी तुजी धरतंय."

गिरण बंद होती. बाहेर कोणीतरी दळण ठेवून गेलं, हाक न मारता. सदानंदाला भावाच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण त्यांच्यात तशी रीत नव्हती. तो म्हणाला, "सोमवारी तालीम लाव. येतंय." आणि मग जरा थांबून, "चाल कोणाची ती माईकवर सांगूक व्हयी."

"सांगतलंय."

परशुरामाने पुढे तसं सांगितलंही, प्रत्येक कार्यक्रमात. त्याने सदानंदाचा मत्सर गेला असं मात्र समजू नका. भावाचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, दोन्ही आपापल्या कामात मग्न, हे पाहणं त्याला अजूनही सलायचं. फक्त आता त्याला तोंड फिरवावं लागत नसे.

पुढच्या वर्षी, तेजस्वी सहावीत असताना, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. तिने पुठ्ठ्यावर मेंदू काढून तांबड्या-निळ्या लोकरीचे तंतू चिकटवले, मधोमध पांढरी रेघ मारली, आणि वर लिहिलं, 'मज्जातंतूंना वाट कशी सापडते?' दोघे भाऊ तिला घेऊन गेले. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. परीक्षक टेबलापाशी आले तेव्हा तेजस्वीने हात मागे बांधून पाठ केलेलं भाषण सुरू केलं. पंजा, द्रव्य, रेघ, ओढणं, ढकलणं, एक शब्द चुकली नाही. मग तिने हात पुढे घेतले, उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावली, आणि डावी बोटं तसंच करताना सगळ्यांना दाखवली. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं धावत बघायला आली. कोणी हसलं नाही. एका मुलीने तर तिथल्या तिथे आपली बोटं तशीच लावून पाहिली.

सदानंद भिंतीपाशी उभा होता. अकरा वर्षांची पोर. जे त्याला चौपन्नाव्या वर्षी कळलं ते हिला दहाव्या वर्षी कळलं, नावासकट, चित्रासकट. छडी नाही, मांडीखाली दाबलेला हात नाही, 'मन लागत नाय' नाही. आपल्याला तिचाही हेवा वाटतो आहे, हे कळून तो चकित झाला. एवढ्याशा पोरीचा, आणि जिच्यावर जीव टाकतो तिचा!

तेवढ्यात ती वळली. "आणि सर, हे माझे काका. त्यांचेही हात असेच आहेत. काका, हय ये रे!"

सगळी डोकी त्याच्याकडे फिरली. त्याचा डावा हात खिशात होता. पळून जावं म्हटलं तर दार लांब होतं. तो पुढे गेला, हात बाहेर काढला आणि शंभर माणसांसमोर बोटं हलवली. एका परीक्षकांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं. कोणीतरी विचारलं, दुखतं का? कोणीतरी विचारलं, मग गिरण कशी चालवता? सदानंद उत्तरं देऊ लागला, आधी चाचरत, मग रंगून. रिळाची युक्ती सांगितली. लोक ऐकत होते. माईक नसताना लोक आपलं ऐकताहेत, ही गोष्ट त्याला नवी होती.

मग त्याची नजर गर्दीच्या मागे गेली. परशुराम उभा होता. बुवा, ज्याला तालुक्यात सगळे ओळखतात, त्याच्याकडे आज कोणी बघत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते सदानंदाने ताबडतोब ओळखलं. चाळीस वर्षं दाढी करताना आरशात तेच पाहिलं होतं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला वाटलं, राहू दे तसाच उभा.

"आणि ह्यो माजो भाव," सदानंद मोठ्याने म्हणाला. "तेजूचो बापूस. परशा, हय ये. सर, ह्येच्या रगतात तीच खोड आसा. पण ह्येची बोटां बघा."

परशुराम गर्दीतून वाट काढत आला. त्याने एका हाताची बोटं हलवली. दुसरा हात शांत लोंबत राहिला. परीक्षकांनी तिघांचे हात टेबलावर ओळीने ठेवायला लावले. मग त्यांनी तेजस्वीला विचारलं, "रक्तात तेच, तर मग बाबांचे तंतू पलीकडे कसे पोचले?"

"ते अजून कोणालाच नीट माहीत नाही, सर," तेजस्वी म्हणाली. आणि पाठ केलेलं संपल्यामुळे पुढचं तिच्या नेहमीच्या बोलीत आलं. "मी डॉक्टरांका इचारलंय. तेंका पण म्हायत नाय."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

तिचा तिसरा नंबर आला. पहिला गेला पुठ्ठ्याच्या जेसीबीला. इंजेक्शनच्या नळ्यांत पाणी भरून त्याचा पंजा वरखाली करत होते, तो. तेजस्वीला काही वाटलं नाही. ती प्रशस्तिपत्रक मांडीवर घेऊन गाडीत मागे बसली आणि कट्टा गाव येईपर्यंत झोपली. पुढे बसलेल्या दोघा भावांना मात्र तो जेसीबी जाता जाईना.

"दरवर्षी तोच जेसीबी," परशुराम म्हणाला.

"तेच्यात काय हुशारी? बाजारात किट गावता."

"बापसान करून दिलो असतलो."

"शंभर टक्के."

परशुरामाने गिअर बदलला.

"आणि तेच्या नळयेतसून पाणी गळत होता, दादा. मी बघलंय."

"मीय बघलंय," सदानंद म्हणाला.